परसातील अनोळखी झाड आणि घरची पाखरे

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत घरामागची मोकळी जागा, जिला आपल्याकडे सांदवाडी असेही म्हणतात, सहसा रिकामी नसते. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला शेवगा, कुंपणाला टेकलेला एरंड, एखादी पपई, कढीपत्ता आणि वैशाखाच्या उन्हात ज्याच्या सावलीला खाट टाकता येईल असे एक मोठे झाड, एवढी संपत्ती बहुतेक परसांत आढळते. याच जागेत घरच्या दहावीस कोंबड्या दिवसभर चरतात. अंड्यांचे व कोंबड्यांचे उत्पन्न बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती असते. मीठमिरची, मुलांच्या वह्या आणि अडीनडीचा दवाखान्याचा खर्च त्यातून भागतो. अलीकडे गिरिराज, वनराज, कडकनाथ यांसारख्या जातींची पिल्ले विकत आणून परसातील कुक्कुटपालन वाढविले जात आहे. त्यामुळे एकेका पाखरामागे गुंतलेला पैसाही वाढला आहे.

परसातील सर्वच झाडे कोणी लावलेली नसतात. पाखरांच्या विष्ठेतून किंवा वटवाघळांनी टाकलेल्या फळांतून बी पडते, मोरीच्या ओलीवर ते रुजते, आणि दोन-तीन वर्षांत ते झाड छपरापेक्षा उंच होते. मग घरात प्रश्न उभा राहतो. हे झाड कोणते? याची फळे कोंबड्यांनी टिपली तर चालतील काय? याचा पाला पिल्लांना चिरून घालावा काय? शहरात पिंजऱ्यात पाखरे पाळणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो, कारण पिंजऱ्यात बसण्यासाठी लावलेली काटकी पाखरू दिवसभर कुरतडीत असते.

या प्रश्नाला दोन घाईची उत्तरे दिली जातात. एक, “निंबासारखेच दिसते, काही होत नाही.” दुसरे, “विषारी असेल, तोडून टाका.” पहिल्या उत्तराने पाखरे दगावण्याचा संभव असतो, दुसऱ्याने पाच-सहा वर्षांची सावली एका दिवसात नाहीशी होते, आणि ते झाड पुष्कळदा निरुपद्रवी निघते. सबब, झाड प्रथम ओळखावे व निर्णय त्यानंतर घ्यावा. झाडाची ओळख ऐकीव नावावरून पटत नाही. ती पान, फूल व फळ यांवरून पटवावी लागते. ती कशी पटवावी, आणि ओळख पटल्यावर पाखरांच्या दृष्टीने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

नावावर भिस्त नको

आपल्या भागात ‘निंब’ या एका शब्दाच्या आश्रयाला पुष्कळ झाडे आली आहेत. कडुनिंब, बकाण निंब, हल्ली बांधावर लावला जाणारा मलबार नीम, आणि स्वयंपाकघरातील गोडनिंब म्हणजे कढीपत्ता. यांपैकी पहिली तीन एकाच कुळातील आहेत; कढीपत्ता मात्र लिंबू-संत्र्यांच्या कुळातील आहे. नाव सारखे म्हणून गुण सारखे असतील असे मानणे धोक्याचे आहे.

हा नावांचा घोटाळा केवळ खेड्यातील नाही. शास्त्राच्या ग्रंथांतही तो होता. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली वनस्पतींचे नामकरण केले तेव्हा कडुनिंब व बकाण निंब या दोघांना त्याने ‘मेलिया’ या एकाच प्रजातीत घातले. पुढे १८३० मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आद्रियँ द ज्युस्यू याने कडुनिंबाची ‘अझाडिराक्टा’ ही प्रजाती वेगळी केली. आज कडुनिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिराक्टा इंडिका व बकाण निंबाचे मेलिया अझेडराक असे आहे. गंमत अशी की, ‘अझाडिराक्टा’ व ‘अझेडराक’ हे दोन्ही शब्द ‘आझाद दरख्त’ या एकाच फारसी नावापासून आले आहेत. झाडे वेगळी झाली तरी त्यांच्या नावांतील नाते तुटले नाही.

कडुनिंब की बकाण निंब?

परसात आपोआप उगवलेल्या व ‘निंबासारख्या’ दिसणाऱ्या झाडाबाबत प्रथम हाच निवाडा करावा. त्यासाठी पुढील चार लक्षणे पुरेशी आहेत.

(१) पान : आपण ज्याला सहज ‘पान’ म्हणतो ती बहुधा पानाची लहान पर्णिका असते. खरे पान कोणते हे ओळखण्याची खूण सोपी आहे. देठ जेथे फांदीला मिळतो तेथील बेचक्यात डोळा दिसतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. डोळा जेथे आहे तेथून टोकापर्यंत सर्व मिळून एक पान समजावे. कडुनिंबाच्या पानात मधली एकच शीर असते व तिच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या किंचित वाकड्या, दातेरी पर्णिका थेट लागलेल्या असतात. बकाण निंबात मधल्या शिरेला दोन्ही बाजूंनी लहान उपशिरा फुटतात आणि पर्णिका त्या उपशिरांवर असतात. एकेरी पान कडुनिंबाचे, दुहेरी पान बकाणाचे, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

(२) फूल : कडुनिंबाची फुले पांढरी, बारीक व गोड वासाची असतात. बकाण निंबाची फुले फिकट जांभळी असून प्रत्येक फुलाच्या मधोमध गडद जांभळी नळी उभी असते. फुलोऱ्याच्या दिवसांत ही ओळख वीस हातांवरूनही पटते.

(३) फळ : कडुनिंबाची निंबोळी लांबट असते. ती ज्येष्ठ-आषाढात पिकून पिवळी होते व गळून पडते. बकाणाचे फळ गोल, बोराएवढे असते. ते हिवाळ्यात पिवळे होते आणि पानगळ झालेल्या उघड्या फांद्यांवर घोसाघोसाने लोंबत राहते. पौष-माघात पाने नसलेल्या झाडावर पिवळ्या गोळ्यांचे घोस दिसले तर ते झाड कडुनिंबाचे नव्हे, हे निश्चित समजावे.

(४) आठळी : निंबोळीतील बी लांबट व गुळगुळीत असते. बकाणाची आठळी कठीण, उभ्या कंगोऱ्यांची असून तिच्या मधोमध नैसर्गिक भोक असते. म्हणूनच पूर्वीपासून तिचे मणी करून माळा ओवीत.

ही ओळख केवळ पाखरांसाठी अगत्याची आहे असे नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने व फुले खाण्याची आपली रीत आहे. त्या दिवशी अंगणातील झाडाचा डहाळा तोडण्यापूर्वी पान एकेरी की दुहेरी हे घरातील मुलांनाही पाहावयास शिकवावे.

बकाणाशी जवळचे नाते असलेला मलबार नीम, म्हणजे मेलिया दुबिया, अलीकडे प्लायवूड व कागदाच्या लगद्यासाठी लावला जातो. त्याचे खोड सरळसोट वाढते, पान दुहेरी वा तिहेरी असते आणि फळ बकाणापेक्षा बरेच मोठे व लंबगोल असते. रोपवाटिकेतून आणताना त्याचे नाव ‘नीम’ असे सांगितले जाते. त्यामुळे घरची माणसे त्याला कडुनिंबच समजू लागतात. तो समज वेळीच दूर करावा.

महारुख हे आणखी एक झाड निंबाच्या घोटाळ्यात सापडते. त्याचे पान एकेरी पण फार लांब, हातभर वा त्याहूनही मोठे असते. पर्णिकांच्या कडा ओबडधोबड दातऱ्या असतात आणि पाला चुरगळला असता उग्र वास येतो. त्याला निंबोळी धरत नाही; कागदासारख्या पातळ पंखांची चपटी फळे झुपक्यांनी लागतात व वाऱ्याने उडून दूर जाऊन पडतात. याचा पाला शेळ्या-मेंढ्यांना घालतात.

पाखरांना धोका कोठे आहे?

बकाण निंबाच्या फळांत विषारी द्रव्ये असतात. डुकरांना, कुत्र्यांना आणि माणसांनाही ही फळे खाल्ल्याने विषबाधा झाल्याचे नमूद आहे. ओकारी, जुलाब, अशक्तपणा, अंगाला कंप व चालताना झोक जाणे ही त्याची लक्षणे होत. एका झाडाचे फळ दुसऱ्या झाडाच्या फळाइतकेच विषारी असेल असेही नाही. प्रदेशपरत्वे व झाडपरत्वे विषाचे प्रमाण बदलते. त्यामुळे “शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी खाल्ली, त्यांना काही झाले नाही” हा दाखला आपल्या झाडाला लागू पडत नाही.

दुसरा दाखला रानपाखरांचा दिला जातो. बुलबुलासारखी पाखरे हिवाळ्यात बकाणाची फळे खाताना दिसतात. बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे, फळ तर अत्यंत विषारी. तरीही कोकीळ ते खातो. यावरून ती फळे सर्व पाखरांना मानवतील असे अनुमान काढणे चुकीचे आहे. फळे खाणारी रानपाखरे गर खातात व कठीण आठळी टाकून देतात, किंवा ती अखंड बाहेर पडते. कोंबडीचे शरीर दाणे खाण्यासाठी घडलेले आहे. तिच्या पोटात स्नायूंचा जाड पोटा असतो व तीत गिळलेले बारीक खडे असतात. त्या जात्यात बी भरडले जाते, आणि बियांतील विष मोकळे होते. रानपाखराला जे पचते ते कोंबडीला पचेलच असा भरवसा धरता येत नाही.

तथापि विनाकारण धास्तीही बाळगू नये. विषबाधा होणे न होणे हे खाल्लेल्या प्रमाणावर अवलंबून असते. मोकळ्या चरणाऱ्या मोठ्या कोंबडीला गवताचे बी, किडे, वाळवी, सांडलेले धान्य असे नाना प्रकारचे खाद्य मिळत असते. कडू पाला ती एकदा टोचून सोडून देते. धोका वाढतो तो पुढील चार परिस्थितींत :

एक, कोंबड्या खुराड्यात वा जाळीत कोंडलेल्या असून भुकेल्या असतील आणि समोर तोच पाला असेल.

दोन, पाला किंवा फळे आपणच चिरून, कुटून भरड्यात मिसळली असतील. अशा वेळी पाखराला निवड उरत नाही.

तीन, पिल्ले लहान असतील. त्यांच्या शरीराच्या मानाने थोडा घासही जास्त ठरतो.

चार, पाखरू पिंजऱ्यातील असेल. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर हे वजनाने अगदी हलके असतात. काटकीची साल सोलणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग असतो.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. सबब, पिंजऱ्यातील पाखरांविषयी या लेखात जे सांगितले आहे ते बजरीगरसारख्या विदेशी पाळीव पाखरांपुरते समजावे.

परसातील इतर झाडांची ओळख

निंबाचा निवाडा झाल्यावर परसात व कुंपणात वरचेवर आढळणाऱ्या इतर झाडांकडे वळू.

सुबाभूळ : बाएफ या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात या झाडाचा प्रसार केला. आता ते आपोआप वाढून पडीक जागा व परस व्यापते. पान दुहेरी व पर्णिका अगदी बारीक, फुले पांढऱ्या गोंड्यांसारखी, शेंगा चपट्या व तपकिरी, आणि काटे मुळीच नाहीत, या खुणांवरून ते बाभळीपासून वेगळे ओळखावे. बाभळीचे गोंडे पिवळे असतात व तिला काटे असतात. सुबाभळीच्या पाल्यात व बियांत मिमोसीन नावाचे द्रव्य असते. पाल्याची पूड खाद्यात थोडी असल्यास अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. परंतु शेकडा ५ या प्रमाणापलीकडे गेल्यास पिल्लांची वाढ खुंटते व अंडी घटतात. सबब, सुबाभळीचा पाला हे शेळ्यांचे खाद्य मानावे, तेही इतर चाऱ्यात मिसळून, कोंबड्यांचे नव्हे.

गिरिपुष्प : हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावण्यास हे झाड उत्तम आहे व कृषी विभाग त्याची शिफारस करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुले दाटून येतात. त्याच्या ‘ग्लिरिसिडिया’ या शास्त्रीय नावाचाच अर्थ ‘उंदीरमार’ असा आहे. मध्य अमेरिकेत त्याची साल व पाने धान्यात मिसळून उंदीर मारण्यासाठी वापरीत. बांधावर ते जरूर असावे. त्याचा पाला खुराड्यात घालू नये व त्याच्या काटक्या पिंजऱ्यात लावू नयेत.

हादगा : याच्या फुलांची भाजी आपण आवडीने खातो. म्हणून त्याचा पाला पिल्लांना घालण्याचा मोह होतो. परंतु हादग्याच्या पाल्याची पूड खाद्यात घातल्याने कोंबडीची पिल्ले दगावल्याचे प्रयोगांत आढळून आले आहे. माणसाला फूल मानवते म्हणून पाखराला पान मानवेल असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

कण्हेर व बिट्टी : कण्हेरीच्या फांदीवर एका पेऱ्याला तीन-तीन चामट, टोकदार पाने असतात, फुले गुलाबी, तांबडी वा पांढरी असतात. बिट्टीची पाने अरुंद असून त्यांतून पांढरा चीक येतो, फुले पिवळी घंटेसारखी व फळ त्रिकोणी हिरवे असते. दोहोंच्या सर्व भागांत हृदयक्रिया बंद पाडणारे विष असते. पूजेसाठी झाड ठेवावयाचे असल्यास ते कोंबड्यांच्या वावरापासून दूर व कुंपणाबाहेर असावे. छाटलेल्या फांद्या परसात पडू देऊ नयेत.

एरंड व मोगली एरंड : या दोहोंच्या बिया विषारी आहेत. एरंडाची पेंड खत म्हणून आणून पोत्यात ठेवली असेल तर ते पोते कोंबड्यांपासून बंदिस्त ठेवावे. निंबोळी पेंडही खतच आहे; ती खाद्यात मिसळल्यास कोंबड्या खाद्य कमी खातात व वाढ मंदावते.

गुंज : हे झाड नसून वेल आहे, परंतु ती परसातील झाडावर चढते आणि तिच्या लाल-काळ्या बिया झाडाखाली पडतात. गुंजेचे कठीण टरफल फुटले नाही तर विष बाहेर येत नाही. पण कोंबडीच्या पोट्यात ते भरडले जाण्याचा संभव असतो. झाड निरुपद्रवी असूनही त्याखालचे बी घातक असू शकते. म्हणून झाड ओळखताना त्यावर चढलेली वेलही पाहावी.

अव्होकाडो : हे फळ आता शहरांच्या बाजारात मिळू लागले आहे. त्याचे फळ व पाने बजरीगरसारख्या पाखरांना प्राणघातक ठरतात. आपल्या ताटातील फोड कौतुकाने पिंजऱ्यात घालू नये.

याउलट, शेवग्याचा पाला, तुतीची पाने व फळे, पेरू, बोर आणि उंबर ही परसातील पाखरांच्या सोयीची झाडे होत. शेवग्याचा पाला तर पोषक आहे. पिंजऱ्यातील बसणीसाठी पेरूची, बोरीची काटे काढलेली किंवा कडुनिंबाची फांदी घ्यावी. मात्र ती ज्या झाडावर औषध फवारलेले नाही अशाच झाडाची असावी व धुऊन वाळवून मगच लावावी. खुराड्यातील डास घालविण्यासाठी पाल्याचा धूर करण्याची रीत आहे. पाला कडुनिंबाचा असला तरी पाखरे आत असताना धूर करू नये, कारण पाखरांची श्वसनेंद्रिये धुराला फार नाजूक असतात.

नमुना पाठविण्याची रीत

वरील खुणांवरून ओळख पटली नाही तर अंदाज न बांधता नमुना जाणकाराकडे पाठवावा. एक सुटे पान आणून “हे कोणते झाड?” असे विचारल्यास उत्तमातला उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञही निश्चित उत्तर देऊ शकत नाही. नमुना असा घ्यावा :

(१) वीतभर ते हातभर लांबीची डहाळी, जिच्यावर पूर्ण पाने, आणि त्या वेळी असल्यास फुले व फळे आहेत, अशी तोडावी. तोडताना चीक निघतो काय व त्याचा रंग कोणता ते पाहावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये व कोणताही भाग चाखून पाहू नये.

(२) जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत डहाळी पसरून ठेवावी. काही पाने सुलटी व काही उलटी असावीत. वर पाट व दगड ठेवून दाब द्यावा. कागद आठवडाभर रोज बदलावा, म्हणजे बुरशी येत नाही. जाड फळे वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावीत.

(३) सोबत चिठ्ठीत गाव, तालुका, तारीख, झाडाची अंदाजे उंची, सालीचा रंग, फुलाचा ताजा रंग व वास, झाड लावलेले की आपोआप आलेले, आणि गावात त्याला कोणते नाव आहे, हे लिहावे. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो. म्हणून तो लिहून ठेवणे विशेष महत्त्वाचे.

असा नमुना तालुका कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभाग यांना दाखवावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवर १९९३ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केलेला आहे. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातील झाडाची ओळख पटविण्यास जाणकारांना आधार आहे. या खात्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे १९५५ पासून आहे.

हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेताच झाडाचे नाव सांगणारी साधने निघाली आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण ती केवळ दिशा दाखवितात. एकट्या पानाच्या चित्रावरून बकाणाला कडुनिंब ठरविण्याची चूक तेथेही होऊ शकते. पान, फूल, फळ व साल यांची वेगवेगळी चित्रे घ्यावीत, आणि मिळालेले नाव वर सांगितलेल्या खुणांशी ताडून पाहावे.

पाखरे दगावल्यास

कोंबड्या मरू लागल्या की पहिला संशय नव्या झाडावर जातो. वस्तुतः परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा रोग आहे. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून धापा टाकणे, मान पिरगळणे, पाय लुळे पडणे आणि दिवसागणिक मरणाऱ्यांची संख्या वाढत जाणे, ही त्याची लक्षणे होत. शेजारच्या घरीही कोंबड्या मरत असतील तर झाडाला दोष देण्यात वेळ दवडू नये. झाड तोडून रोग थांबत नाही आणि तेवढ्यात सगळे खुराडे रिकामे होते. या रोगावर लस हाच उपाय आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा व पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-२-बी ही लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने देऊन घ्यावी.

दुसरा संशय शेतीच्या औषधांचा घ्यावा. पेरणीच्या दिवसांत बीजप्रक्रिया केलेले ज्वारी, तूर वा सोयाबीनचे रंगीत दाणे अंगणात सांडतात. फवारणीच्या दिवसांत पंप परसातच धुतले जातात. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर यांना प्राण गमवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जे औषध धडधाकट माणसाला घातक ठरले ते दीड किलोच्या कोंबडीला काय करील, हे सांगावयास नको. पंप व डबे परसात धुऊ नयेत, आणि उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे खाद्य म्हणून कदापि वापरू नये.

हे दोन्ही संशय फिटले, आणि एकाच ठिकाणी चरलेली काही पाखरेच एकाएकी आजारी झाली, तर झाडाचा विचार करावा. अशा वेळी :

पाखरे त्या जागेतून हलवून सावलीत ठेवावीत व स्वच्छ पाणी द्यावे. तेल, मीठ किंवा काढे चोचीत ओतू नयेत. ते श्वासनळीत जाऊन पाखरू गुदमरते.

झाडाची डहाळी, खाली पडलेली फळे व खाद्याचा मूठभर नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावा.

मेलेले पाखरू फेकून देऊ नये. ते पिशवीत घालून, शक्य असल्यास बर्फाच्या सान्निध्यात ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शवविच्छेदनात गळ्याखालची पिशवी व पोटा उघडला की पाखराने काय खाल्ले होते ते दिसते. दवाखाना दूर असल्यास पशुसेवेसाठीच्या १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर मदत मागावी. मेलेल्या पाखराला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

झाड ठेवावे की काढावे?

ओळख पटल्यावर निर्णय सोपा होतो. कडुनिंब, शेवगा, पेरू, महारुख यांना हात लावण्याचे कारण नाही. सुबाभूळ व गिरिपुष्प वेळोवेळी छाटून ठेवावे. पाला अनुक्रमे शेळ्यांना व खताला वापरावा. बकाण निंब मोठा होऊन सावली देत असेल तर तो ठेवण्यास हरकत नाही. मात्र हिवाळ्यात फळे पिकून गळू लागली की झाडाखालची जागा नित्य झाडून काढावी, फळे पुरून टाकावीत, आणि त्या दोन महिन्यांपुरती खुराड्याची जागा व पिल्लांचे डालगे झाडाच्या विस्ताराबाहेर हलवावे. रोप लहान असेल तर ते उपटून त्या जागी कडुनिंब लावावा, म्हणजे कायमची काळजी मिटते. कण्हेर व बिट्टी मात्र पाखरांच्या परसात ठेवू नये.

झाड काढावयाचेच ठरले तर एक दक्षता घ्यावी. साग, चंदन, मोह, आंबा यांसारखी काही झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आपल्या जिल्ह्यात परसात साग उगवणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे कुऱ्हाड उचलण्यापूर्वीही झाडाचे नाव ठाऊक असणे जरुरीचेच आहे.

पुढील पौषात आपल्या परसातील झाडाखाली उभे राहून एकदा वर पाहावे. पाने गळली असताना पिवळे घोस लोंबत असतील तर एक डहाळी तोडून घ्यावी, एक आठळी फोडून पाहावी, आणि निवाडा घरच्या मंडळींना सांगून ठेवावा. परसातील प्रत्येक झाड नावानिशी ठाऊक असलेल्या घरात पाखरेही सुखरूप राहतात आणि सावलीही टिकते.